निजामाच्या चाकरीतला कादंबरीकार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी इतिहास शिकवत. तेव्हा आजचा विषय या परिसराच्या इतिहासातून निवडावा असं वाटलं. सोलापुराहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की नळदुर्ग लागतो. तिथला पाणीमहाल आणि पावसाळ्यात बंधाऱ्यावरून कोसळणारी नर-मादी धबधब्यांची जोडी आपण बहुतेकांनी पाहिली आहे. १८५३ ते १८५७ या काळात त्या नळदुर्गात एका इंग्रज अधिकाऱ्याचं ठाणं होतं. तुळजापूर, धाराशिव हा सारा मुलूख त्याच्या हाती होता. जमिनीची मोजणी, सारा, रस्ते, दंगेधोपे, देवस्थानांचे तंटे, सगळं त्याच्यापुढे येई. त्याचं नाव फिलिप मेडोज टेलर. त्याने सहा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतली पहिली इंग्लंडभर गाजली, आणि एक थेट आपल्या तुळजापूरची, शिवकाळातली आहे.

टेलर कोणाच्या चाकरीत होता आणि कोणत्या खुर्चीत बसून त्याने इथली माणसं ऐकली, हे नजरेसमोर ठेवल्याशिवाय त्याची एकही कादंबरी नीट वाचता येत नाही, असं मला वाटतं. त्याची ताकद तिथून आली आणि त्याची मर्यादाही तिथूनच आली.

टेलरचा जन्म १८०८ मध्ये लिव्हरपूलला झाला. वडील व्यापारी होते, पण धंदा बसला. पोराला कोवळ्या वयातच एका पेढीत उमेदवारीला लावलं आणि पंधराव्या वर्षी मुंबईला पाठवलं. मुंबईच्या एका व्यापारी पेढीत काम करायचं आणि एकविसाव्या वर्षी भागीदार व्हायचं, असा करार होता. १८२४ मध्ये तो बोटीतून उतरला तेव्हा कळलं की त्या पेढीत दम नाही. घर हजारो कोस लांब, परतायला पैसे नाहीत, पुढे वाट नाही. मुंबई सरकारात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका नातलगाने खटपट करून त्याला निजामाच्या फौजेत अधिकारी म्हणून जागा मिळवून दिली. सोळाव्या वर्षी हा पोरगा औरंगाबादच्या छावणीत दाखल झाला.

त्या काळच्या गोऱ्या जगात निजामाची चाकरी म्हणजे खालच्या पायरीची चाकरी. कंपनीचे सनदी अधिकारी हेलिबरीच्या कॉलेजातून शिकून यायचे. त्यांना बढतीची शिडी होती, निवृत्तिवेतन होतं, विलायतेत वजन होतं. निजामाच्या फौजेतले गोरे अधिकारी ‘स्थानिक’ समजले जात. किती काम केलं तरी कंपनीच्या वरच्या जागा त्यांना बंद. टेलर जवळजवळ सगळी हयात या भिंतीच्या बाहेर राहिला. मात्र बाहेर राहिल्यामुळे त्याला जे मिळालं ते कलकत्त्याच्या एकाही सेक्रेटरीला मिळालं नसतं. त्याची शाळा अर्धवट सुटलेली होती, तेव्हा त्याचं खरं शिक्षण इथेच झालं. फारसी, हिंदुस्थानी, मराठी या भाषा तो इथे शिकला, आणि तेही मुनशी, शिपाई, पाटील-कुलकर्णी यांच्या तोंडून, दौऱ्यांवर, तंबूत बसून.

लग्नानेही त्याला इथलंच केलं. त्याची बायको मेरी ही हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची मुलगी. पामर यांचे वडील जनरल पामर अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याला पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचे रेसिडेंट होते, आणि पामर यांची आई फैझ बक्ष बेगम ही हिंदुस्थानी मुसलमान घराण्यातली. म्हणजे टेलरच्या बायकोची आजी बेगम होती. पामर यांच्या पेढीने निजामाला जबर व्याजाने कर्ज दिलं, त्याचा मोठा गाजावाजा झाला आणि पेढी बुडाली. पण त्या घरात हैदराबादच्या दरबाराची आतली माहिती येत राहिली. टेलरच्या कादंबऱ्यांत मुसलमान खानदानी घरातल्या बायका इतक्या मोकळेपणाने बोलतात, चिडतात, हट्ट करतात, याचं एक कारण मला या सासरी दिसतं. त्या काळच्या दुसऱ्या कोणत्या इंग्रज लेखकाला जनानखान्याच्या आतला आवाज असा मिळाला असेल, असं वाटत नाही.

आता त्याच्या पहिल्या कादंबरीकडे वळू. तिथे थोडं थांबणार आहे.

वीस वर्षांचाही नव्हता तेव्हा टेलरला निजामाच्या मुलखाच्या नैर्ऋत्य भागात पोलिसांचा दुय्यम अधिकारी नेमलं. तपास करताना रस्त्याकडेला प्रेतं सापडत. अंगावर शस्त्राचा वार नसे आणि मेलेला कोण हे कुणाला माहीत नसे. काहीतरी आहे, असं त्याला जाणवत होतं. पण १८२९ मध्ये नासिर-उद्-दौला निजामाच्या गादीवर आला, त्याने गोऱ्या अधिकाऱ्यांचा मुलकी कारभारातला हात काढून घ्यायला लावला आणि टेलरला पलटणीत परत जावं लागलं. पुढे मध्य हिंदुस्थानात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यांनी मुसाफिरांना फसवून मारणाऱ्या ठगांच्या टोळ्यांचा छडा लावला आणि त्यांचं नाव झालं. आपण त्या जागेवर राहिलो असतो तर हे आपल्याच हातून उघडकीस आलं असतं, ही खंत टेलरने म्हातारपणी आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. त्या खंतीला मी फार महत्त्व देतो. अधिकारी म्हणून जे हातचं गेलं ते त्याने लेखक म्हणून मिळवलं, असं मला दिसतं.

कारण नंतर हैदराबाद मुलखातही ठगांची धरपकड झाली आणि माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या कबुल्या घेण्याचं काम टेलरकडे आलं. तो त्यांच्यासमोर बसला आणि त्यांचं ऐकत राहिला. माणसं हेरायची कशी, मुसाफिरांच्या काफिल्यात मिसळायचं कसं, दोन-चार दिवस हसतखेळत प्रवास करून विश्वास कसा मिळवायचा, आणि मग ठरलेल्या खुणेवर गळ्यात रुमाल कसा टाकायचा. ही माणसं हे सगळं शरमेने सांगत नव्हती. कसबी माणसाने आपलं कसब सांगावं तसं सांगत होती.

‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ १८३९ मध्ये लंडनला तीन खंडांत निघाली. सगळी कादंबरी अमीर अली नावाच्या ठगाच्या तोंडून आहे. ७१९ खून केल्याचं तो सांगतो. समोर एक साहेब बसला आहे, तो ऐकतो, क्वचित एखादा प्रश्न विचारतो. लेखकाने अमीर अलीच्या आणि वाचकाच्या मध्ये स्वतःला फारसं येऊ दिलेलं नाही. स्लीमन यांनी ठगांची बोली, रीतिरिवाज, टोळ्यांच्या याद्या असं बरंच छापलं होतं. त्या कागदांत ठग हा नमुना आहे. टेलरच्या हाती तो माणूस झाला. अमीर अलीला लहानपणी त्याच्या आईबापांना मारणाऱ्या ठगानेच पोटच्या पोरासारखं वाढवलं. तो देखणा आहे, रसिक आहे, बायको-मुलांवर जीव टाकतो, आणि त्याच हाताने माणसं मारतो. नकळत तो स्वतःच्या बहिणीचाही जीव घेतो. वाचणारा त्याच्याबरोबर काफिल्यात चालू लागतो आणि पुढच्या मुसाफिराला हा आता मारणार, हे माहीत असूनही पान उलटतो.

कबुली घेणाऱ्या अधिकाऱ्याला आरोपीचं सगळं सलग ऐकावं लागतं, मध्ये तोडता येत नाही. ही पोलिसी सवय टेलरच्या कादंबरीचा घाट बनली. त्याच वेळी दुसरी गोष्टही विसरता येत नाही. समोर बसलेला ठग जीव वाचवण्यासाठी बोलतो आहे. जितकं अधिक सांगेल, जितकं पटेल असं सांगेल, तितका त्याचा फास लांब राहील. ठगी म्हणून इंग्रजांनी जे एकसंध, धार्मिक, देशव्यापी कारस्थान उभं केलं त्यात किती खरं आणि किती या कबुल्यांतून घडलेलं, यावर अलीकडचे इतिहासकार वाद घालतात, आणि तो वाद रास्त आहे. टेलरला हा प्रश्न पडला नाही. खुर्चीतल्या साहेबाला तो सहसा पडत नाही.

ही कादंबरी त्याने हिंदुस्थानात, तापाने खंगलेल्या अवस्थेत लिहायला घेतली आणि रजेवर विलायतेला गेला तेव्हा ती छापली गेली. छपाई चालू असतानाच व्हिक्टोरिया राणीने तिची पानं मागवली, असं तो आत्मचरित्रात सांगतो. पुढच्याच वर्षी ‘टिपू सुलतान’ आली. ती तितकी चांगली नाही. म्हैसूरचं युद्ध त्याने पाहिलेलं नव्हतं आणि तिथली माणसं त्याने ऐकलेली नव्हती. आपल्या दृष्टीने मात्र तिचं एक महत्त्व आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘म्हैसूरचा वाघ’ या टेलरच्या कादंबरीवर आधारलेली आहे. ‘उषःकाल’ लिहिण्याआधी हरिभाऊंनी ऐतिहासिक कादंबरीचा हात बसवला तो निजामाच्या चाकरीतल्या या माणसाचं बोट धरून. मराठी ऐतिहासिक कादंबरीचा वंशवृक्ष मांडताना आपण स्कॉटचं नाव घेतो. टेलरचंही घ्यायला हवं.

रजेवरून परतल्यावर १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला शोरापूरला पाठवलं. कृष्णा-भीमेच्या दुआबातलं हे बेरडांचं संस्थान. आज ते कर्नाटकात यादगीर जिल्ह्यात आहे आणि तिथे सुरपूर म्हणून ओळखलं जातं. औरंगजेबाने म्हातारपणी शेवटचा वेढा घातला तो याच बेरडांच्या वागिणगेऱ्याला. त्यावरून त्यांचा पीळ कळावा. राजा वारला होता, वारस लहान होता, राणी ईश्वरम्मा आणि दरबारी यांच्यात ओढाताण चालली होती. खजिना रिता, शिपायांचे पगार थकलेले. टेलरने १८५३ पर्यंत इथला कारभार पाहिला. तलाव बांधला, रस्ते केले, टेकडीवर स्वतःसाठी घर बांधलं. ‘टेलर मंझिल’ म्हणून ते घर आजही ओळखलं जातं. परिसरातल्या प्राचीन शिळावर्तुळांचं उत्खनन करून त्याने मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिले. त्याच वर्षांत तो लंडनच्या ‘टाइम्स’चा हिंदुस्थानातला बातमीदार होता. मेरी याच काळात वारली. कादंबरी मात्र एकही झाली नाही. दिवसभर राज्य चालवणाऱ्याच्या हाती रात्री तेवढं बळ उरत नसावं.

बालराजा वेंकटप्पा नायक टेलरच्या डोळ्यांसमोर वाढला. तो टेलरला अप्पा म्हणे. या राजाकडे मी शेवटी येतो.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्ग हा मुलूख इंग्रजांनी फौजेच्या खर्चापोटी घेतला आणि टेलर नळदुर्गला आला. इथे त्याला आदिलशाहीचा किल्ला मिळाला, इब्राहिम आदिलशहाच्या काळातला बोरी नदीवरचा बंधारा मिळाला, आणि उत्तरेला एका मजलेवर तुळजापूर. ‘तारा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली १८६३ मध्ये, तो नोकरी सोडून विलायतेला गेल्यावर. तिच्या मातीचा वास मात्र या चार वर्षांचा आहे.

तारा ही तुळजापूरच्या भवानीच्या देवळातल्या व्यासशास्त्र्यांची मुलगी, बालविधवा. काळ १६५७ पासून अफझलखानाच्या वधापर्यंतचा. देऊळ, तिथले भोपे, मुरळ्या, यात्रा, शास्त्र्याच्या घरातला दिनक्रम हे टेलर ज्या बारकाईने लिहितो ते पुस्तकं वाचून येणारं नाही. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्येच छापला होता, तो साताऱ्याला राहून जमवलेल्या साधनांवर लिहिलेला. पण डफकडे कागद होते. टेलरकडे तुळजापूरची फिर्याद घेऊन येणारी माणसं होती.

आता मराठी वाचकाला या पुस्तकात जे खटकतं ते. कादंबरीचं हृदय विजापुरात आहे. अफझलखानाचं घर, त्याचा मुलगा फाजल, त्याचं शौर्य आणि सभ्यता, हे सगळं टेलर आतून रंगवतो. ताराला चितेवरून वाचवतो तो फाजलच, आणि अखेर त्यांचं लग्न होतं. शिवाजी महाराज तेजस्वी आहेत, धर्मनिष्ठ आहेत, माणसं त्यांच्यासाठी जीव टाकतात. तरी ते बाहेरून पाहिलेले आहेत, आणि प्रतापगडाच्या पायथ्याची भेट ही मुख्यतः कपटाची गोष्ट म्हणून येते. सभासद आपल्या बखरीत सांगतो की तुळजापूरची भवानी फोडून खान पुढे आला. त्या घावाचं दुःख मराठी मनात कुठे बसलेलं आहे, हे टेलरला पुरतं कळलं नाही.

याचं कारण पूर्वग्रह एवढंच सांगून भागत नाही. स्वराज्याचा जन्म टेलरने ज्या खिडकीतून पाहिला ती दख्खनच्या मुसलमानी दरबाराची खिडकी होती. तो छत्तीस वर्षं हिंदुस्थानात राहिला, त्यांतली बहुतेक निजामाच्या मुलखात. त्याचे मित्र, त्याचं सासर, त्याची फारसी, विजापूरच्या इमारतींवरचं त्याचं प्रेम, सगळं त्याच बाजूचं. १८६६ मध्ये विजापूरच्या वास्तुकलेवरचा मोठा छायाचित्रग्रंथ निघाला, त्यातला ऐतिहासिक मजकूर टेलरचाच आहे. तो पुण्यात किंवा साताऱ्यात नोकरीला असता तर वेगळी ‘तारा’ लिहिली गेली असती. आपल्याला ती अधिक आवडली असती, पण विजापूरच्या बाजूने तो काळ कसा दिसला असेल याचं हे एवढं जिवंत चित्र आपल्याला मिळालं नसतं. मी ही कादंबरी रागाने मिटून ठेवू नका म्हणतो ते यासाठी. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानलं जाणारं गुंजीकरांचं ‘मोचनगड’ १८७१ चं. त्याच्या आठ वर्षं आधी शिवकाळावर ही कादंबरी इंग्रजीत लिहिली गेली, आपल्याच जिल्ह्याशेजारची माणसं घेऊन.

‘तारा’नंतर ‘राल्फ डार्नेल’ आली, १७५७ च्या प्लासीवर, आणि १८७२ मध्ये ‘सीता’, १८५७ वर. शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने हिंदुस्थानच्या इतिहासाला वळण मिळालं, या योगाचं टेलरला फार आकर्षण होतं. ‘राल्फ डार्नेल’ मी सोडून देतो. ‘सीता’बद्दल थोडं सांगायला हवं. तिच्यात एक इंग्रज सनदी अधिकारी एका हिंदू विधवेशी लग्न करतो आणि ते लग्न उघडपणे निभावतो. १८५७ नंतर पंधरा वर्षांनी, वैर आणि वंशाचा गर्व ऐन भरात असताना, हे लिहायला धीर लागतो. तो धीर त्याला घरातून मिळाला. बेगमेच्या नातीशी संसार केलेल्या माणसाला असं लग्न अशक्य कसं वाटावं? पण शेवटी नवऱ्यावर येणारा भाला अंगावर घेऊन सीता मरते. लग्न झालं, पुढचा संसार विलायतेत कसा चालेल हा प्रश्न लेखकाने मृत्यूने मिटवला. तिथे टेलरचं धैर्य संपलं, असं मला वाटतं.

१८५७ च्या ऑगस्टमध्ये त्याला नळदुर्गहून तातडीने वऱ्हाडात बुलढाण्याकडे धाडलं. देण्यासारखी फौज नाही, जमेल तसं तग धरून राहा, असा हुकूम होता. त्याने तो मुलूख शांत ठेवला. ज्या लोकांत तो तीस वर्षं फिरला होता त्यांच्या भाषेचा आणि ओळखीचा तेव्हा उपयोग झाला. इकडे शोरापूरला मात्र आग लागली. चोवीस वर्षांच्या वेंकटप्पाने फेब्रुवारी १८५८ मध्ये उठाव केला, पराभव झाला, हैदराबादला पकडला गेला. टेलर त्याला तुरुंगात भेटला. चिथावणी कोणाची होती, नावं सांगितलीस तर शिक्षा हलकी होईल, असं त्याला विचारण्यात आलं. त्याने कुणाचंही नाव घेतलं नाही. चोरासारखं फासावर लटकवू नका, तोफेच्या तोंडी द्या, एवढंच त्याचं मागणं होतं. फाशीची शिक्षा आधी जन्मठेपेवर आणि पुढे चार वर्षांच्या कैदेवर आली. नीट वागल्यास संस्थान परत मिळण्याचीही आशा होती. कैदेच्या जागी नेत असताना, हैदराबादजवळच्या पहिल्याच मुक्कामावर, सोबतच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाने गोळी लागून तो गेला. हा चोवीस वर्षांचा होऊन जाणार, असं भाकीत त्याच्या पत्रिकेत होतं, आणि ती पत्रिका राणीने बऱ्याच वर्षांपूर्वी टेलरला दाखवली होती.

हे सगळं टेलरने लिहिलं ते आत्मचरित्रात. १८७६ मध्ये फ्रान्समध्ये मेन्तो इथे तो वारला, आणि पुढच्या वर्षी त्याच्या मुलीने ते प्रसिद्ध केलं. त्या पुस्तकातली ही पानं मला त्याच्या सगळ्या कादंबऱ्यांहून मोठी वाटतात. इथे तो साहेब आहे, राजाच्या उठावाला तो चूकच मानतो, इंग्रजी राज्याच्या न्यायावर त्याचा विश्वास ढळलेला नाही. पण समोर बसलेला पोरगा काय बोलला ते त्याने गाळलं नाही, बदललं नाही. लंडनमध्ये बसून १८५७ वर ग्रंथ लिहिताना सावरकरांनी नेमका हाच प्रसंग टेलरच्या पुस्तकातून उचलला. १९०९ मध्ये तो ग्रंथ इंग्रजीतून बाहेर पडला आणि बेरड राजाचा तो नकार क्रांतिकारकांच्या पिढीपर्यंत पोचला. साम्राज्याच्या इमानी नोकराने ऐकून लिहून ठेवलं, म्हणून तो शब्द उरला.

सत्तावनवर कादंबरी लिहायची वेळ आली तेव्हा टेलरने ती उत्तर हिंदुस्थानात नेली. शोरापूर त्याने हाताने उभारलं होतं, राजाला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, नाट्य तयार होतं. तरी त्याने ते वापरलं नाही. अमीर अलीचं ऐकताना तो न्यायाधीशाच्या जागी होता आणि त्या अंतरामुळे त्याला लिहिता आलं. इथे ते अंतर नव्हतं. राजाला दोषी धरल्याशिवाय गोष्ट इंग्रजांच्या बाजूने सांगता येत नव्हती, आणि त्याला खलनायक करणं या माणसाच्या हातून होणार नव्हतं. त्याची शेवटची कादंबरी ‘अ नोबल क्वीन’, अहमदनगरच्या चांदबिबीची, त्याच्या मृत्यूनंतर १८७८ मध्ये निघाली. ती लिहिताना त्याची दृष्टीही अधू झाली होती. त्या कादंबरीत, सोळाव्या शतकाच्या आडोशाने, तो पुन्हा कृष्णाकाठच्या बेरडांकडे गेला आहे. त्यांचा नायक तिथे दिलेल्या शब्दाला जागतो आणि शेवटपर्यंत मित्राची साथ सोडत नाही.